दहाचा कटर, आठचं पॉकेट

एखाद्या आकाराच्या कडेपासून सगळीकडे सारखं अंतर राखून आतून किंवा बाहेरून दुसरी रेघ काढायची, याला ‘ऑफसेट’ म्हणतात. ऐकायला शाळेतल्या भूमितीचा धडा वाटतो. पण व्हीएमसी या मिलिंग मशीनवर पॉकेट, म्हणजे धातूत खळगा, काढायचं असो, थ्रीडी प्रिंटरच्या नोझलला भिंतीची वाट आखून द्यायची असो किंवा लेझरच्या कापाची रुंदी हिशेबात धरायची असो, सगळं याच एका क्रियेवर उभं आहे. हत्याराला जाडी असते. त्याचा मध्य कडेवरून फिरवून चालत नाही, कडेपासून त्रिज्येएवढा आत ठेवून फिरवावा लागतो. ती आतली रेघ चुकली की जॉब भंगारात जातो.

माझा मेहुणा भोसरीच्या एमआयडीसीत मशीन शॉप चालवतो. माझी मुलगी कॅम, म्हणजे मशीनच्या हत्याराची वाट आखून देणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, आणि त्या सॉफ्टवेअरच्या पोटातल्या भूमितीच्या लायब्ररीवर तिचा गट काम करतो. तेच सॉफ्टवेअर मामाच्या शॉपमध्ये आहे. नवी आवृत्ती घातली आणि आजवर बिनबोभाट होणारं एक काम चुकायला लागलं. नवं काही सुधारताना चालू असलेलं जुनं मोडणं, याला तिच्या धंद्यात ‘रिग्रेशन’ म्हणतात. त्यावरून मामा-भाचीचं जे बोलणं झालं ते इथे मांडतो आहे. दोघंही आपापल्या कामात मुरलेले आहेत. माझं मत कुणीकडे झुकतं, तेही मी लपवणार नाही.

मामा : आधी काय झालं ते ऐक. ॲल्युमिनियमची प्लेट आहे. मोठी पॉकेट्स दहाच्या एंड मिलने काढायची, आणि मध्ये मध्ये आठ मिलिमीटरची गोल पॉकेट्स आहेत, ती नंतर सहाच्या कटरने. आजवर दहाचा कटर निवडला की तुमचं सॉफ्टवेअर आठची पॉकेट्स आपणहून सोडून द्यायचं, कारण तो कटर त्यात मावतच नाही. या वेळी सोडली नाहीत. प्रत्येक आठच्या पॉकेटात दोन मिलिमीटर व्यासाचं एक वर्तुळ दाखवलं, म्हणजे कटरचा मध्य त्यावरून फिरणार. आता कटरची त्रिज्या पाच, त्यात वर्तुळाची एक मिळव. सहा त्रिज्या, बारा व्यास. आठच्या जागी बाराचं भोक!

भाची : मशीनवर गेलं नाही ना?

मामा : नाही गेलं. आमच्या ऑपरेटरने सिम्युलेशन नीट पाहिलं म्हणून. तुमच्या सॉफ्टवेअरने तर सगळं हिरवं दाखवलं होतं. अगं, मशीनच्या कंट्रोलरलासुद्धा हे कळतं. प्रोग्रामात जी ४१ किंवा जी ४२ टाकलं की फानुकचा कंट्रोलर कटरच्या त्रिज्येचा हिशेब स्वतः करतो, आणि जास्तीचं कापलं जाणार असं दिसलं तर ४१ नंबरचा अलार्म देऊन थांबतो. जुन्या कंट्रोलरमध्येही हे होतं. मग तुमच्या नव्या सॉफ्टवेअरला का नाही?

भाची : कंट्रोलर पुढच्या काही ब्लॉक्सपुरतंच बघतो, मामा. अख्खं पॉकेट रिकामं करायच्या वाटा तो आखत नाही, त्या आम्हालाच आखाव्या लागतात. पण तुझा मुद्दा खरा आहे. आमच्या लायब्ररीने तिथे काहीच द्यायला नको होतं. रिकामं उत्तर हेच बरोबर उत्तर होतं.

मामा : मग ते दोनचं वर्तुळ आलं कुठून?

इथून पुढचं तिने कागदावर काढून दाखवलं. हे मी सविस्तर देतो, कारण सगळं मर्म यात आहे.

भाची : संगणकाला तुझं गोल पॉकेट गोल दिसत नाही. ते छोट्या छोट्या सरळ बाजूंचं बनलेलं असतं. तुझ्या ड्रॉइंगमध्ये टोलरन्स कडक आहे, म्हणून त्या वर्तुळाला १८० बाजू आल्या. म्हणजे दर कोपऱ्यावर फक्त दोन अंशांचं वळण. खऱ्या वर्तुळापासून फरक एका मायक्रॉनपेक्षाही कमी. आता हे पाच मिलिमीटर आत सरकवायचं आहे. आमची रीत अशी की प्रत्येक बाजू आपापली पाच मिलिमीटर आत सरकवायची, पण शेजारच्या बाजूशी थेट जोडायची नाही. मधे मूळ कोपऱ्यावर परत जायचं आणि तिथून पुढची बाजू घ्यायची.

मामा : उलटं कशाला जायचं?

भाची : त्यातच युक्ती आहे. तसं केलं की प्रत्येक बाजूपासून आत पाच मिलिमीटर रुंदीची एक पट्टी तयार होते. मग आतल्या कुठल्याही बिंदूचा हिशेब असा : मूळ आकारात आहेस म्हणून अधिक एक, आणि जितक्या पट्ट्यांखाली आलास तितके वजा. बेरीज शून्याच्या वर राहिली तरच तो बिंदू उरतो. तुझ्या आठच्या पॉकेटात कुठलाही बिंदू घे, कुठल्या ना कुठल्या कडेपासून तो चार मिलिमीटरच्या आतच आहे. म्हणजे किमान एका पट्टीखाली आहेच. एकातून एक गेला. कुणीच उरत नाही, आणि उत्तर रिकामं येतं.

मामा : हे मला पटलं. साधं आहे आणि चोख आहे.

भाची : ही आमची कल्पना नाही. आकार एकमेकांवर टाकून नको ते कापून काढायची रीत बाला वट्टी यांनी १९९२ मध्ये मांडली. वेढ्यांच्या अशा मोजणीने ऑफसेट साफ करायचं काम शियाओरुई चेन आणि सारा मॅकमेन्स यांनी २००५ मध्ये दाखवलं. ऑस्ट्रेलियातल्या अँगस जॉन्सन यांनी या दोन्हींच्या आधारे ‘क्लिपर’ नावाची लायब्ररी लिहून सगळ्यांना फुकट दिली. थ्रीडी प्रिंटिंगमधल्या क्युरा आणि प्रुसास्लायसर या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. आमची लायब्ररी वेगळी, पण तिची चाल याच घराण्यातली.

मामा : चोख होतं तर हात का लावला?

भाची : तू सांगितलंस म्हणून. मोल्डचं ड्रॉइंग उघडलं की वाट बघत बसावं लागतं, अशी तक्रार तूच केली होतीस ना? तुझ्यासारख्या अनेकांनी केली. दर कोपऱ्यावर एका बिंदूचे तीन बिंदू होतात. बारीक वक्ररेषांचं ड्रॉइंग असलं की हजारो कोपरे येतात, आणि ते तीनपट होऊन पुढच्या छाटणीत जातात. म्हणून सुधारणा केली. कोपरा जवळजवळ सरळ असेल, म्हणजे वळण अडीच अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, तर पट्ट्यांच्या भानगडीत पडायचं नाही, सरळ एक बिंदू आत सरकवायचा. बाहेरच्या ऑफसेटसाठी ही पायवाट आधीपासून होतीच. नव्या आवृत्तीत कोडमध्ये तिची तपासणी आधी घेतली, म्हणून आतल्या वळणांनाही ती लागू झाली. ड्रॉइंग झपाट्याने उघडायला लागलं.

मामा : आणि माझं वर्तुळ?

भाची : तुझ्या वर्तुळाचे १८० च्या १८० कोपरे त्या पायवाटेने गेले. प्रत्येक बिंदू केंद्राच्या दिशेने पाच मिलिमीटर सरकला. केंद्र होतं चार मिलिमीटरवर. म्हणजे प्रत्येक जण केंद्र ओलांडून पलीकडे एक मिलिमीटर गेला. पलीकडे एक मिलिमीटर त्रिज्येचं नवं वर्तुळ तयार झालं.

मामा : पण ते उलटं झालेलं असणार. उलट्या आकाराला तुम्ही वजा धरता ना?

भाची : तिथेच सगळे फसले. आकार आरशातल्यासारखा उलटला असता तर दिशा फिरली असती आणि तो वजा होऊन गळला असता. पण केंद्रातून आरपार जाणं म्हणजे कागदावर अर्धा फेरा फिरणं. घड्याळाच्या उलट दिशेने जाणारं वर्तुळ अर्धा फेरा फिरवलं तरी घड्याळाच्या उलटच जातं. बेरीज आली अधिक एक. चाळणीने त्याला खरं मानून पुढे सोडलं.

हे ऐकून मामा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. मलाही या चुकीची सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटली की ती काटेकोर काम करणाऱ्यालाच गाठते. टोलरन्स सैल ठेवून वर्तुळाच्या नव्वद बाजू केल्या असत्या तर वळण चार अंशांचं झालं असतं, पायवाट लागली नसती आणि उत्तर बरोबर आलं असतं. लायब्ररीच्या जुन्या चाचण्यांमध्येही वर्तुळं होती, पण ती ६४ बाजूंची. बाकी चौकोन, चांदण्या, इंग्रजी अक्षरं. सगळ्यांचे कोपरे ठसठशीत, त्यामुळे सगळ्या चाचण्या पास.

मामा : म्हणूनच मी म्हणतो, चालत्या मशीनला हात लावू नये. माझ्याकडे एक लेथ आहे, तिचा स्लाइड मी उगाच कधी उघडत नाही. जुनी आवृत्ती हळू चालायची, चालू दे. हळू चालल्याने जॉब स्क्रॅप होत नाही. मी सॉफ्टवेअरची जुनीच आवृत्ती ठेवणार आणि ती बदलणार नाही.

मामाच्या बाजूने मी इथे एक भर घातली. आयबीएमच्या सिस्टम/३६० ची ऑपरेटिंग सिस्टम बनवण्याचं काम सांभाळलेले फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये लिहून ठेवलं आहे की एक दोष दुरुस्त करताना दुसरा घुसण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. म्हणजे मामाची धास्ती फार जुन्या अनुभवाशी जुळणारी आहे.

भाची : बाबा, तेच पुस्तक पुढे हेही सांगतं की प्रत्येक दुरुस्तीनंतर जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा चालवायला हव्यात. दुरुस्तीच करू नका, असं कुठे म्हटलंय? आणि मामा, जुन्या आवृत्तीत दोष नव्हते असं तुला वाटतं, कारण तुझ्या ड्रॉइंग्जना ते लागले नाहीत. दोन पॉकेट्स एकमेकांना नेमकी कडेवर टेकली की जुनी आवृत्ती मधे केसाएवढी फट सोडायची. तुझ्याकडे तसा जॉब आला नाही, एवढंच. उद्या आला की तू मलाच फोन करणार.

मामा : करेन. पण ती फट मला माहीत झाली की मी तिच्याभोवती काम करेन. जुन्या दोषाचा माणसाला अंदाज असतो. नवा दोष कुठून येईल, सांगता येत नाही. माझ्या ऑपरेटरला हे सॉफ्टवेअर आठची पॉकेट्स सोडतं याची इतकी सवय झाली होती की दुसरा कुणी असता तर त्याने पाहिलंही नसतं. बरं, तुला सुधारायचंच आहे ना? मग सोपा उपाय सांगतो. जुन्या आवृत्तीने काढलेली सगळी उत्तरं जपून ठेव. नवी आवृत्ती निघाली की तीच ड्रॉइंग्ज तिच्यातून काढ आणि ओळीला ओळ ताडून बघ. फरक दिसला की थांब.

भाची : ते करतोच, आणि तेच कमी पडतं. नव्या आवृत्तीत तोच आकार वेगळ्या बिंदूपासून सुरू होऊ शकतो. एका सरळ रेषेवरचे तीन बिंदू असतील तर मधला गळू शकतो. पूर्णांकात बसवताना शेवटचा आकडा एकाने इकडेतिकडे होतो. यातलं काहीच चूक नाही, पण ताडणी म्हणते फरक आहे. एखाद्या सुधारणेनंतर असे शेकडो फरक निघतात. माणूस पहिले काही डोळ्यांत तेल घालून बघतो, नंतर सगळ्यांवर ‘मान्य’ म्हणून शिक्का मारतो. खरा दोष त्या गर्दीत निसटतो.

हा तिचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. जुनं उत्तर जपून ठेवणं म्हणजे ते बरोबर होतं असं गृहीत धरणं. ते बरोबर का होतं, हा प्रश्न त्यात कुणी विचारतच नाही.

मामा : मग तू बरोबर-चूक ठरवणार कशावरून?

भाची : तू बोअरचं माप कसं तपासतोस?

मामा : गो-नो गो गेजने. गो बाजू गेली पाहिजे, नो गो बाजू जाता कामा नये.

भाची : तो गेज विचारतो का, भोक कुठल्या मशीनवर पाडलं, जुन्या की नव्या? मागच्या महिन्यातल्या भोकाशी ताडून बघतो का?

मामा : नाही. त्याला फक्त माप कळतं.

भाची : मला लायब्ररीसाठी तसा गेज हवा आहे. पाच मिलिमीटर आत सरकवून जी काही रेघ आली, तिच्यावरचा प्रत्येक बिंदू मूळ कडेपासून निदान पाच मिलिमीटर दूर असलाच पाहिजे. बस. बाजू किती, सुरुवात कुठून, काही विचारायचं नाही. तुझं ते दोनचं वर्तुळ या गेजवर ठेव. त्याचा प्रत्येक बिंदू कडेपासून फक्त तीन मिलिमीटरवर आहे. तिथल्या तिथे नापास! बाहेरच्या ऑफसेटलाही असे गेज आहेत. याकोब श्टायनर यांनी १८४० मध्येच दाखवलं आहे की खाचा नसलेला आकार गोल कोपऱ्यांनी बाहेर वाढवला तर नवं क्षेत्रफळ म्हणजे जुनं क्षेत्रफळ, अधिक परिमिती गुणिले अंतर, अधिक पाय गुणिले अंतराचा वर्ग. दहाचा चौरस एकाने वाढवला की १०० अधिक ४० अधिक ३.१४. यापेक्षा ठळक फरक आला तर लायब्ररी चुकली, मग आवृत्ती कुठलीही असो.

मामा : चांगलं आहे. पण मग हा गेज तुमच्याकडे आधी का नव्हता?

भाची : बाहेरच्या ऑफसेटसाठी होता. आतल्यासाठीही होता, पण जिथे काही उरतं अशाच आकारांवर चालवलेला. जिथे सगळं नाहीसं व्हायला हवं, तिथे आकार पुरेसा बारीक करून कुणी बघितलं नाही.

मामा : हे मात्र मला मान्य नाही. आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात, नो गो बाजू आधी लावून बघ. काय जायला नको, ते आधी तपास.

भाची : बरोबर आहे तुझं.

यानंतर तिने दुरुस्ती सांगितली. वळणाचा अंश एकटा पुरत नाही, बाजूची लांबीही बघायला हवी. त्या वर्तुळाची प्रत्येक बाजू ०.१४ मिलिमीटर लांब होती. पाच मिलिमीटर आत सरकताना ती दोन्ही टोकांकडून मिळून ०.१७५ मिलिमीटर आखडणार होती. ०.१४ मधून ०.१७५ वजा होत नाहीत, म्हणजेच बाजू उलटणार. जिथे बाजू उलटते तिथे पायवाट बंद, पट्ट्यांची जुनी रीत घ्यायची. बाकी ठिकाणी वेग तसाच राहतो. दुरुस्ती काही ओळींची. ती कुठे करायची ते शोधणं मोठं होतं, पण त्यालाही ठरलेली वाट आहे. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यामधले बदल निम्म्यावर तोडत जायचं. हजार बदल असले तरी दहा तपासण्यांत नेमका बदल हाती लागतो.

भाची : पण त्या शोधाला सुरुवात करायला हातात छोटं उदाहरण लागतं. तुमच्या अख्ख्या प्लेटच्या ड्रॉइंगवर ते झालं नसतं. तुमच्या ऑपरेटरने एक पॉकेट वेगळं काढलं, बाकी सगळं पुसलं, कटर आणि टोलरन्स लिहून पाठवलं. शिवाय टोलरन्स सैल केला की वर्तुळ गायब होतं, हेही त्यानेच करून बघितलं होतं. निम्मं निदान तिथेच झालं.

मामा : मग त्याचं नाव लाव तुमच्या दुरुस्तीच्या नोंदीत.

भाची : लावेन, त्याची हरकत नसेल तर.

मामा : अजून एक. तुझा गेज तुमच्या ऑफिसात चाचणीपुरता ठेवू नकोस. तो मला माझ्या मशीनसमोर हवा. प्रत्येक वेळी वाट आखली की सॉफ्टवेअरने स्वतःच अंतर मोजावं, आणि पाचाच्या ठिकाणी तीन निघालं तर प्रोग्राम बाहेर सोडू नये. फानुकच्या अलार्मसारखं.

भाची : त्याला वेळ लागेल, मामा. प्रत्येक बिंदूचं प्रत्येक बाजूपासून अंतर म्हणजे पुन्हा तू वाट बघत बसणार.

मामा : बसेन. स्क्रीनसमोर वाट बघायला माझी हरकत नाही. प्लेट स्क्रॅप झाल्यावर गिऱ्हाइकासमोर उभं राहायला आहे.

भाची : प्रत्येक बाजू बघायची गरज पडणार नाही. क्षेत्राचे चौकोन पाडून जवळच्याच बाजू बघता येतील. तरीही काही टक्के वेग जाईल, आणि आमच्याकडे वेगाचे आकडे विक्रीच्या पत्रकावर छापतात. मला भांडावं लागेल.

मामा : भांड. माझं पत्र हवं असेल तर देतो.

मी मामाच्या बाजूचा आहे, आवृत्ती न बदलण्याबाबत नव्हे, तर या शेवटच्या मागणीबाबत. चाचणी चालवणाऱ्याने कल्पिलेले आकार कितीही असले तरी ते मोजकेच असतात. शॉपमध्ये रोज नवं ड्रॉइंग येतं, आणि ते चाचण्यांच्या यादीत नसतं. उत्तर तपासणं हे उत्तर शोधण्याहून सोपं असतं तिथे ते दरवेळी तपासायला हवं. भाचीला हे तत्त्वतः मान्य आहे. तिची अडचण तिच्या कंपनीतली आहे आणि ती खरी आहे.

नवी आवृत्ती घालायला मामा शेवटी तयार झाला, पण अटीवर : जुनी आवृत्ती दुसऱ्या संगणकावर राहील, आणि ज्या जॉबचा माल परत मिळणार नाही त्याची वाट दोन्हींवर आखली जाईल. भाचीने बदल्यात ड्रॉइंग्ज मागितली. गिऱ्हाइकाचं नाव आणि मापांच्या नोंदी काढून टाकलेली, नुसत्या कडा असलेली.

मामा : कुठली देऊ? सोपी की अवघड?

भाची : ज्यांच्यावर दहाचा कटर कुठेच मावत नाही, ती आधी दे. टोलरन्स मात्र होता तसाच राहू दे, माझ्यासाठी सैल करू नकोस.

मामा : तसली पेटीभर आहेत.